जुना जपानी अँप: कंडेन्सरखाली तपकिरी-काळा थर, रिले 'टक्' करत नाही

चाळकरी
मंडळी, काकांचा इंटिग्रेटेड अँप माझ्याकडे आलाय. ते मस्कतला नोकरीला होते तेव्हा आणलेला, जपानी, सत्तरचं दशक संपता संपताचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'कुठला ब्रँड भारी' वर घसरेल आणि माझा अँप राहील बाजूला. बरीच वर्षं दादरच्या घरात कपाटावर प्लास्टिक घालून पडून होता. समुद्र चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे हवा कशी ते मुंबईकरांना सांगायला नको.

लक्षणं अशी: बटण दाबलं की डायलचा दिवा लागतो, फ्यूज जात नाही, वास नाही, धूर नाही, पण चार-पाच सेकंदांनी स्पीकर रिलेचा (स्पीकर अँपला जोडणारा आपोआप स्विच) जो 'टक्' यायला हवा तो येतच नाही. लगेच बंद केला आणि झाकण काढलं तर दोन मोठ्या फिल्टर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी-काळा थर, आणि शेजारच्या एका जंपर तारेवर (बोर्डावरचे दोन पॉइंट जोडणारी उघडी तार) हिरवं काहीतरी चढलेलं. कंडेन्सर लीक झालेत असं धरून चाललोय. आमच्या इथला रिपेअरवाला म्हणाला, हे सगळं काढून आत ब्लूटूथवाला नवीन बोर्ड टाकून देतो, मस्त वाजेल. त्याला नमस्कार केला आणि अँप बगलेत मारून घरी आणला.

सगळे कंडेन्सर बदलायचे की हे दोनच? आणि माल लॅमिंग्टन रोडवरून (आपला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घ्यायचा का? सोल्डरिंग येतं, पण एवढ्या व्होल्टेजच्या वस्तूत हात कधी घातला नाहीये.

घामट_फ्यूज
सगळे बदल, विचारच करू नकोस. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हणजे वाळलेलेच असणार. ऑनलाइन पूर्ण किट मिळतं मॉडेलनुसार, एका सुट्टीत उरकून टाक. हात घातलाच आहेस तर अर्धवट कशाला.

गिरगावचे_नाना
वाचतोय. आमच्या वेळी कंडेन्सर फुगला की कळायचं, वरून टोपी उडायची.

सोल्डरबाबा
थांब रे बाबा, आत्ता काहीच उपटू नकोस. आधी तू वाचशील असं बघू, मग अँप.

प्लग काढला तरी ते दोन डबे, म्हणजे मोठे कंडेन्सर, चार्ज धरून बसलेले असू शकतात. १०००० मायक्रोफॅरड आणि ३८-४० व्होल्ट म्हणजे एकेका डब्यात सात-आठ ज्यूल. एवढ्या व्होल्टेजचा झटका सहसा जीव घेत नाही पण अंगठी नाहीतर कडं मध्ये आलं तर चामडी भाजते, आणि हात दचकून दुसरीकडेच आपटतो ते वेगळं. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची आपली जुनी खोड असते, ते करू नको, टर्मिनल खराब होतं आणि डोळ्यात काय उडेल सांगता येत नाही. ४७० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर घे, दोन्ही टोकांना इन्सुलेशनवाली तार आणि मगरीचे चिमटे लाव, अर्धा मिनिट धरून ठेव आणि मग मीटरने बघ. एक व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट लावायचं नाही. दोन डबे आहेत, दोन्हींना वेगवेगळं.

आता मुद्द्याचं. तू जे वर्णन केलंयस ते मला लीक वाटत नाही. त्या काळातल्या बऱ्याच जपानी सामानात मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून बुडाशी गोंद लावायचे, निओप्रीन जातीचा. नवा असताना फिकट पिवळसर, रबरासारखा आणि एकदम निरुपद्रवी. वर्षानुवर्षं उष्णता खाल्ली, दमट हवा प्यायला, की तो तपकिरी, मग काळा आणि ठिसूळ होतो. निओप्रीनमध्ये क्लोरीन असतं, ते सुटायला लागलं की तांब्याची तार, डायोडचे पाय, रेझिस्टरचे पाय सगळं कुरतडत जातं. वर तो काळा झालेला गोंद थोडी वीजही वाहून नेतो, म्हणजे जिथे दोन पॉइंटमध्ये काहीच नको तिथे गुपचूप रेझिस्टर बसल्यासारखं होतं. लोक त्याला लीक समजून नवे महाग कंडेन्सर टाकतात, गोंद तसाच ठेवतात आणि मग धागा काढतात की सगळं बदललं तरी चालेना.

ओळखायचं कसं: बांबूच्या काडीने हळूच टोकर. टणक खपली निघाली तर गोंद. चिकट, ओलसर किंवा मिठासारखं कडेला जमलेलं असेल, आणि ते कंडेन्सरच्या पायाशी रबरी बुचातून आलेलं दिसत असेल तर लीक. लीकवर इस्त्री (सोल्डरिंगची) टेकवली की मासळीबाजाराचा वास येतो, तो एकदा आला की विसरत नाही माणूस. आणि थर फक्त मोठ्या डब्यांच्या भोवतीच आहे की छोट्यांच्या खालीही आहे तेही बघ.

मीटरवाली
बाबांना +१. आणि घामट, 'सगळे बदल' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. तीस-चाळीस कंडेन्सर एका दमात बदलले आणि अँप लागला नाही तर चूक जुनी आहे की तुझ्या हातची, कसं शोधणार? एक उलटा बसला तरी पुरे. त्या काळचे बोर्ड बहुतेक कागद-फिनॉलिकचे, दोनदा इस्त्री टेकवली की पॅड (सोल्डर बसतं ती तांब्याची टिकली) सालीसारखं उचकटतं. जितकं कमी काढशील तितकं बरं.

घामट_फ्यूज
पण ताई, आयुष्य संपलेलंच असतं ना त्यांचं? मदरबोर्डचे कंडेन्सर फुटायची साथ आली होती की.

मीटरवाली
ती साथ २००० च्या आसपासची, सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे, आणि मुख्यतः कॉम्प्युटरच्या सामानात. सत्तरच्या दशकातल्या अँपशी तिचा संबंध नाही.

आयुष्याचा हिशेब असा असतो: कंडेन्सरवर ८५ डिग्री लिहिलेलं असतं, समज २००० तास. तापमान दर १० डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. म्हणजे ४५ डिग्रीला ३२००० तास, रोज तीन तास लावला तरी एकोणतीस वर्षं. काकांनी रोज तीन तास लावला असेल का? म्हणून लांब, थंड जागी बसलेले मोठे डबे बऱ्याचदा ठणठणीत निघतात आणि हीटसिंकला किंवा गरम रेझिस्टरला चिकटून बसलेले ४७ मायक्रोवाले छोटे बिचारे पार सुकलेले असतात. बाहेरून चकाचक, फुगवटा नाही काही नाही. नुसत्या डोळ्यांनी यात काही कळत नाही, मीटर लागतो.

चायनीज कंपोनंट टेस्टर घेऊन ठेव, स्वस्तात येतो, कपॅसिटन्स आणि ईएसआर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स, कमी असलेला बरा) दोन्ही दाखवतो. पण कंडेन्सरचा निदान एक पाय बोर्डातून मोकळा करून मोज, नाहीतर शेजारचं सर्किट धरून भलतंच वाचन देईल. आणि चार्ज असलेला कंडेन्सर टेस्टरला लावलास तर टेस्टर गेला.

चाळकरी
डिस्चार्ज केला बाबा, तुम्ही सांगितलं तसाच. एका डब्यात १४ व्होल्ट उरले होते, प्लग काढून रात्र गेली होती तरी!

आणि तो गोंदच निघाला. बांबूच्या काडीने टोकरला तर काळ्या चकत्या उडाल्या, अगदी भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारख्या. दोन डब्यांच्या मधल्या फटीत सगळ्यात जास्त साचलाय. खाली दोन जंपर तारा होत्या, एक जेमतेम धरून होती आणि दुसरी चिमटा लावताच तुटली, आतून तांबं नाहीच, नुसती हिरवी भुकटी. त्याच्या बाजूला एक छोटा काचेचा डायोड आहे, त्याचा एक पाय गोंदाच्या आत गेलाय आणि तिथे काळा पडून पेन्सिलच्या टोकासारखा बारीक झालाय. मीटर लावला तर डायोडच्या अंगावर चांगला दाखवतो पण बोर्डाच्या पॉइंटपर्यंत काहीच नाही.

फोटो टाकले असते पण इथे अपलोड होत नाहीयेत.

सोल्डरबाबा
सापडलं बहुतेक. तो डायोड कुठे जातो ते ट्रॅक धरून बघ. ट्रान्सफॉर्मरच्या एसी वाइंडिंगकडून येऊन प्रोटेक्शन सर्किटकडे (गडबड असली की रिले सोडून स्पीकर वाचवणारं) जात असेल तर तुझा 'टक्' तिथेच अडकलाय. बऱ्याच अँपमध्ये प्रोटेक्शनला 'एसी आहे का' हे कळायला एक वेगळा डायोड आणि छोटा कंडेन्सर असतो. कारण बटण बंद केलं की मोठे डबे रिकामे व्हायला वेळ घेतात, तोवर स्पीकरला 'धप्प' बसू नये म्हणून एसी गेल्या गेल्या रिले सोडायचा असतो. डायोडचा पाय तुटला की सर्किटला वाटतं लाइटच नाही, मग ते रिले ओढतच नाही. कंडेन्सर सगळे सोन्याचे टाकले असते तरी रिले ओढला नसता.

गिरगावचे_नाना
हे भारी आहे. आमच्या चाळीच्या गणपतीचा अँप होता, टू एन ३०५५ ट्रान्झिस्टरवाला, इथेच कुणीतरी जोडलेला. त्यात प्रोटेक्शन वगैरे भानगड नव्हती, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की डीसी सरळ स्पीकरला आणि कॉइल जळाली की मग मंडळ वर्गणी काढणार. दर वर्षी नवीन स्पीकर. रिले ओढत नाही म्हणजे निदान तुझे स्पीकर तरी शाबूत आहेत रे.

पावसाळी
वाखू (वाचनखूण) साठवली. गोंद काढायला ऍसिटोन चालेल का? घरी नेलपॉलिश रिमूव्हर आहे.

मीटरवाली
नको. बोर्डावरची छपाई पुसली जाते आणि कंडेन्सरचं वरचं प्लास्टिक, वायरींचं इन्सुलेशन विरघळतं. काळा झालेला गोंद कोरडाच खरवडून निघतो, बांबूची काडी किंवा प्लास्टिकची पट्टी, धातू नको. मग ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. खिडकी उघडी ठेव आणि इस्त्री बंद ठेव, ती वाफ पेट घेते. सगळा गोंद निघेपर्यंत, कंडेन्सरच्या बुडाखालचा सुद्धा, म्हणजे त्यासाठी डबे एकदा काढावेच लागणार. काढलेच आहेत तर मोजून घे, तिथे माझा विरोध नाही.

ट्रॅक हिरवा पडला असेल तर फायबरग्लास पेनने चकचकीत तांबं दिसेपर्यंत घास. खाऊन गेला असेल तर वरून तार टाक, रेझिस्टरचा कापलेला पाय पुरतो. आणि काढायच्या आधी प्रत्येक कंडेन्सरचा मोबाइलवर फोटो, वरून आणि बाजूने. बोर्डावरच्या छापील खुणेवर आंधळा विश्वास नको, कुणी प्लस छापतात, कुणी मायनसची बाजू भरीव रंगवतात. इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा मायनसचा पण टँटलमवरची खूण प्लसची, यात भले भले आपटलेत.

चाळकरी
डायोड एसी वाइंडिंगकडूनच येतोय! ट्रॅक धरून गेलो. बाबा दंडवत.

डबे काढून मोजले: दोन्ही ९४०० च्या आसपास, लिहिलेत १०००० आणि ईएसआर पण छान. ताई म्हणाल्या तसंच. पण हीटसिंकच्या बाजूचा एक ४७ मायक्रो ५० व्होल्ट फक्त १९ दाखवतोय, ईएसआर तर विचारू नका. त्याच्या जोडीचा दुसऱ्या चॅनलचा २२. गरम रेझिस्टरला टेकलेला १०० मायक्रोचाही निम्म्याच्या खाली. बाकी रांगेतले बहुतेक ठीक.

आता खरेदी. लॅमिंग्टन रोडला जाऊ ना?

घामट_फ्यूज
ठीक आहे, हरलो 😄 पण आता निदान ऑडिओ ग्रेडवाले सोनेरी घे, आवाजात फरक पडतो.

सोल्डरबाबा
फरक पडेल तो १९ चा ४७ झाल्याने, सोनेरी वेष्टनाने नाही. पॉवर सप्लायमध्ये १०५ डिग्रीवाले, कमी ईएसआरचे, बस. निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबीकॉन, जे खरं मिळेल ते. आपलं केरळचं केल्ट्रॉन पण चांगलं बनवतं. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी कधीच नाही. व्हॅल्यू तीच ठेव, उगाच ४७ च्या जागी ४७० करू नको. प्रोटेक्शनच्या सर्किटमध्ये तर नाहीच, तिथला कंडेन्सर वेळ मोजत असतो.

लॅमिंग्टन रोड म्हणजे ग्रँट रोडला ईस्टला उतर, रविवारी जाऊ नको. रेझिस्टर, डायोड, फ्यूज, सोल्डर, हीटसिंक पेस्ट हे सगळं तिथे डोळे झाकून. सोल्डर ६३/३७ माग, १८३ डिग्रीला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, जॉइंट हलून ड्राय सोल्डर होत नाही. पण ब्रँडेड कंडेन्सर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तिथे घ्यायचे असतील तर दुकान ओळखीचं हवं. जुन्या जपानी ट्रान्झिस्टरचे नंबर छापलेला नकली माल सगळ्या जगात फिरतोय, इथेही येतो. कंडेन्सर तिथेच मोजून घे, टेस्टर खिशात टाकून जा, चांगला दुकानदार हरकत घेत नाही. जो घेतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. आणि आकाराने लहान दिसला म्हणून नकली म्हणू नको, आताचे खरेच लहान असतात. पायांमधलं अंतर मात्र जुळव, नाहीतर पाय फाकवून बसवशील आणि बुचाला ताण येईल.

डायोडला १एन४००७ चालेल का तर सर्व्हिस मॅन्युअल बघ. ५० हर्ट्झच्या एसीवरचा साधा रेक्टिफायर असेल तर आरामात चालेल.

मीटरवाली
अजून एक. मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का? गल्फमधून आलेला म्हणजे असणार. कितीवर आहे?

चाळकरी
आहे. २२० वर आहे. १००, १२०, २२०, २४० असे चार आहेत.

मीटरवाली
२४० वर घे. आपल्याकडे कागदावर २३०, पण माझ्या घरी रात्री २४० च्या वर दिसतो. २२० च्या टॅपवर २४० आले तर आतले ३८ व्होल्ट ४१ च्या पुढे जातात, म्हणजे व्होल्टेज नऊ टक्के जास्त आणि सगळंच जास्त गरम. ५० व्होल्टचे डबे झेलतील पण कुठे ३५ चा बसलेला असेल तर त्याची दया कर.

पावसाळी
माझ्याकडे पण माझ्या वडिलांचा एक अँप पडलाय, तो सरळ लावून बघू का?

सोल्डरबाबा
नाही! वर्षानुवर्षं पडून असलेला अँप सरळ भिंतीला लावायचा नसतो. न वापरता कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ पडतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की लिकेज करंट वाढून तो आतून तापतो. सिरीज बोर्ड कर: एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या तारेत १०० वॉटचा पिवळा बल्ब. एलईडी नाही, सीएफएल नाही, तारेवालाच. हल्ली शोधावा लागतो, हार्डवेअरच्या जुन्या दुकानात विचार. अँप चालू केला की बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, डबे भरले की मंद लालसर होतो, म्हणजे ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद कर. बल्बमागे व्होल्टेज कमी मिळतं म्हणून रिले नाही टकला तर लगेच घाबरू नको. स्पीकर लावायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको.

चाळकरी, तुझ्यासाठी पण हेच. आणि चालू करायच्या आधी बायसचे (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) दोन छोटे ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवायचे रेझिस्टर, बघ. जुने, उघडे असतील तर आताच बदलून मल्टिटर्न टाक. काही सर्किटमध्ये ट्रिमरचा आतला काटा सुटला की बायस एकदम वर जातो आणि आउटपुटची जोडी गेली समज. कुठल्या बाजूला फिरवलं की बायस कमी होतो ते मॅन्युअलमध्ये बघ, सगळ्यात कमीवर ठेव, मग चालू कर.

चाळकरी
झालं! सविस्तर लिहितो.

गोंद सगळा काढला, यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन जंपर नवीन, डायोड नवीन, गोंदाखालचे दोन रेझिस्टर वरून बरे दिसत होते पण एकाची व्हॅल्यू दीडपट झाली होती, तेही बदलले. छोटे सुकलेले कंडेन्सर आणि दोन्ही ट्रिमर बदलले, मोठे डबे तेच परत बसवले, या वेळी खाली गोंद नाही. सिलेक्टर २४० वर. बल्ब लख्ख झाला, मंद झाला, रिले गप्प. बाबांनी लिहून ठेवलं नसतं तर माझं धाबं दणाणलं असतं. मग बल्ब काढून सरळ लावला आणि साधारण पाच सेकंदांनी टक्! आई स्वयंपाकघरातून म्हणाली काय फुटलं.

स्पीकर टर्मिनलवर डीसी: डावीकडे १२ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. बायस ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मॅन्युअलप्रमाणे १० मिलिव्होल्ट लावला, म्हणजे २१ मिलिअँपिअर. झाकण ठेवून अर्ध्या तासाने परत बघितला तर उजवीकडचा १३ वर चढला होता, परत उतरवला. उजवीकडचे ३१ चालतील का?

सोल्डरबाबा
चालतील. ५० च्या खाली स्पीकरला काही होत नाही. पण दर आठवड्याला मोज, वाढत चालले किंवा मीटरवर उड्या मारायला लागले तर इनपुटकडच्या डिफरेन्शियल जोडीतले ट्रान्झिस्टर बघ. २एससी४५८ वगैरे असतील तर ते त्या वयात खरखरतातच, पाय काळे पडलेले दिसतील.

गिरगावचे_नाना
अभिनंदन रे! पहिलं काय लावलंस?

चाळकरी
नाना, आधी अडगळीतले जुने स्पीकर लावून रेडिओ, म्हटलं गेले तर हेच जाऊदेत. मग काकांना व्हिडिओ कॉलवर ऐकवलं, ते म्हणाले बास कमी आहे. फोनवर ऐकतायत आणि बास कमी म्हणे.

राहिलेलं: फोनो इनपुटला घूं येत होती, टर्नटेबलची अर्थ वायर मागच्या स्क्रूला लावल्यावर बरीच गेली. व्हॉल्यूम आणि बॅलन्स फिरवताना मात्र अजून खरखर आहे. हार्डवेअरवाल्याकडे गंज सोडवायचा स्प्रे आहे, तो मारू का?

मीटरवाली
तो नाही. त्याने चार दिवस बरं वाटतं, मग आतलं ग्रीस धुऊन जातं आणि कार्बनच्या पट्टीवर धूळ चिकटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पॉटसाठीचा (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) कॉन्टॅक्ट क्लीनर माग, थोडं तेल असलेला. अँप बंद, नळी पॉटच्या मागच्या फटीत, एकच फवारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरव. मग लगेच चालू करू नकोस, तासभर सुकू दे.